फेल

मंगळवारी आणि शुक्रवारी
मी टॅम्सिन मॉसपच्या पायाची पट्टी बदलते.
घोट्याच्या वर, आतल्या अंगाला,
जुन्या रुपयाएवढी जखम, सप्टेंबरपासून उघडी.
शेकोटीपाशी बहिरा कुत्रा. खिडकीभर डोंगर.

पहिल्याच दिवशी फॉर्म भरताना विचारलं,
नवरा कशानं गेला?
ती म्हणाली, विल्फ फेल ऑन द फेल.
माझं पेन अडलं.

आमच्याकडे फेल म्हणजे नापास.
माझा भाऊ सातवीत गणितात झाला होता.
वडिलांनी निकालपत्राची घडी घातली,
मग घडीची घडी,
आणि त्या रात्री ते जेवले नाहीत.

हे ऐकून ती हसली, पाय हलला, पट्टी सुटली.
म्हणाली, अगं, फेल म्हणजे हा, आणि खिडकीकडे बोट.
कंब्रियात डोंगराला डोंगर कोण म्हणतं?
उत्तरेकडून होड्यांतून आलेली माणसं
म्हणे मेंढ्या आणि हा शब्द इथे उतरवून गेली,
न्यायला परत आलीच नाहीत.
आणि पहिला फेल म्हणजे पडला.
घसरून. बर्फ होतं.

मग दर खेपेला एक.
सलाइननं जखम धुते तोवर
ती एक अर्थ काढून समोर ठेवी,
पाहुण्याला बरणीतलं काही द्यावं तसा.

मेंढ्यांची कातडी न्यायला केंडलहून एक माणूस यायचा,
फेलमाँगर. शब्दातला फेल म्हणजे कातडं.
त्याच्या कोटाला इतका वास
की कुत्रा त्याच्यापुढे शेपूट घाली.

मुलगा जॉन्टी झाडं तोडतो, तोही फेल.
ॲशच्या झाडांना रोग लागलाय,
शेंड्याकडून वाळत खाली येतात.
मी तिला सांगितलं, आमच्यातही असंच:
पडणं आणि पाडणं.
मध्ये फक्त एक काना,
कुऱ्हाडीच्या दांड्यासारखा उभा.
तिनं तो काना माझ्याकडून
औषधाच्या खोक्यावर काढून घेतला
आणि बराच वेळ बघत बसली.

कारखान्यात ती विजारी शिवायची. तिथला फेल वेगळा:
एक कड आत, दुसरी तिच्यावर दुमडून,
वरून सपाट टीप.
कच्चा धागा दिसला तर मुकादमीण अख्खी शिवण उसवी.

एक अर्थ तिनं दिला नाही.
तो मला केझिकच्या वाचनालयातल्या जाड कोशात सापडला,
सगळ्यांच्या शेवटी:
क्रूर. फ्रेंचांकडून आलेला,
गुन्हेगार या शब्दाचा सख्खा भाऊ.

शुक्रवारी मी सहज म्हणाले, आणखी एक आहे ना?
तिनं पाय मागे घेतला नाही.
गेट जॉन्टीनं उघडं टाकलं होतं, ती म्हणाली.
अकरा वर्षांचा होता.
मेंढ्या वर गेल्या, त्यांच्यामागे विल्फ.
खाली आणला तेव्हा
मी दारात उभ्या उभ्या पोराला एक वाक्य बोलले.
एकच. परत कधी नाही.

ते वाक्य तिनं सांगितलं नाही.
एवढंच कळलं, की चव्वेचाळीस वर्षांत
जॉन्टी फेलवर चढलेला नाही.
पायथ्याशी झाडं तोडतो. गेट मात्र
दोनदा लावतो. एकदा लावून, परत येऊन.

आज तो लाकडं टाकायला आला होता.
बाही फाटलेली. तिनं काही न बोलता हात पुढे केला,
यानं काही न बोलता जॅकेट काढून दिलं.
सुईत दोरा तिला दिसेना, मी ओवून दिला.
मग तिनं वर शिवलं, मी खाली बांधलं,
आणि तो उघड्या दारात शर्टावर उभा,
थंडी आत येतेय हे कुणालाच सुचलं नाही.

नोंदवहीत लिहिलं:
वेदना कमी. वास नाही.
कडा आत सरकताहेत.
दोन मिलिमीटर.