सोळा, बारा, आठ

रात्रीचे अडीच. झाब्झे, तिसरा मजला.
आलोइझी पिका, वय एकाहत्तर,
छातीत डुकराची नवी झडप,
तोंडात नळी, मिशीवर चिकटपट्टी.
चाळीस वर्षं कोळशाच्या खाणीत
वरच्या पंख्याने ढकललेली हवा घेतली याने,
यंत्राचा श्वास याला नवा नाही.

मी दाब उतरवते. सोळावरून बारा.
यंत्र जरा मागे सरतं. तो घेतो, सोडतो,
घेतो,
आणि थांबतो.

पडद्यावरची रेघ आडवी पडते.
सात सेकंद. नऊ.
माझं बोट बटणाशी.

दुपारी याची बायको, हिल्डा,
मी नको म्हणत असताना
डब्यातलं सूप पुढे सरकवत बोलली होती:
खाणीच्या बँडमध्ये हा ट्यूबा वाजवायचा.
फुंकणं सोपं हो डॉक्टर,
गप्प राहून मात्रा मोजणं कठीण.

अकरा. बारा.
चादरीवर त्याच्या उजव्या हाताची तीन बोटं
एकापाठोपाठ दबतात
नसलेल्या झडपांवर.
मी हात मागे घेते.
तेरा,
आणि रेघ उठते
कुणी न ढकलता.

पहाटे आठवर आणला. रक्तातले वायू बरे.
सहाला नळी काढली. खोकला, कफ, पुन्हा खोकला,
मग पहिला घोगरा शब्द:
सायलेशियन बोलीतली एक सणसणीत शिवी,
बहुधा मलाच.

मी नोंदीत लिहिलं, आवाज स्पष्ट.