ओप्याचं पाणी

तिस्कापासून आईच चालवते आहे.
एकसष्टाव्या वर्षी मिळालेलं लायसन्स
पाकिटात नाही, पर्समध्ये नाही,
डॅशबोर्डवर गणपतीला टेकवून उभं.
फोटोतली ती
त्याच्याहून गंभीर.

धारबांदोड्याच्या चढावर
मागचा ट्रक हॉर्नवरून हात काढत नाही.
"घाई असेल तर उडून जा म्हणावं,"
आई म्हणते, आणि अख्खा चढ
दुसऱ्या गिअरमध्ये चढते
इंजिनाला रडकुंडीला आणून.

भाई असते तर
हँडब्रेक धरून बसले असते.
तीस वर्षं त्यांनी गाडी चालवली
आणि हिने रस्ता सांगितला:
डावीकडे घ्या. पुढे खड्डा. गुरं.
स्टिअरिंगला हात लावला तो फक्त
दसऱ्याला, झेंडूचा हार घालताना.

मोलेच्या गेटावर वही.
नाव, गाव, माणसं किती.
"चालक" या रकान्यापाशी
वनरक्षक माझ्याकडे बघतो.
मी आईकडे.
ती पेन घेते आणि पूर्ण नाव लिहिते,
माहेरचं धरून.
रकाना पुरत नाही,
शेवटची दोन अक्षरं
शेजारच्या गाडीच्या नंबरावर चढतात.

मग मातीचा रस्ता. माट्टी, किंदळ,
सावली इतकी दाट की दिवे लावावेत.
अचानक ब्रेक. माझं कपाळ काचेला.
"शेकरू जातंय."
"आई, ते वर आहे. फांदीवर."
"असू दे. जाऊ दे त्याला आधी."

गाडी थांबते तिथून पायवाट.
फलकावर सैतानाचं नाव आहे,
पुनाजी गावकर नुसतं "कोंड" म्हणतो
आणि पुढे चालतो, चपला हातात घेऊन.
काळा कातळ, त्यात रांजणाएवढे खळगे,
कुणी आतून घासून ठेवावेत तसे गुळगुळीत.
मधल्या चिरेत पाणी.
हिरवं, सोड्याच्या बाटलीच्या काचेसारखं,
आणि हलत नाही. म्हणजे
हलत नाही असं वाटतं.

पुनाजी एक सुकं पान सोडतो.
पान रमतगमत जातं,
कातळाच्या ओठाशी क्षणभर थबकतं,
नाहीसं होतं.
आम्ही पलीकडे बघत राहतो.
मी शंभरपर्यंत मोजते. पुन्हा तीसपर्यंत.
"पोंदा पोकळ आसा," पुनाजी म्हणतो,
"वयल्यान कळना."

मला वाटतं, आता आई बोलेल.
घरातून निघाल्यापासून मी जागा करून ठेवली आहे
तिच्या त्या वाक्यासाठी:
भाईंबद्दल, किंवा त्या वर्षाबद्दल
जेव्हा ती जेवण वाढायची
आणि ताट उचलायची
आणि मधे एक अक्षर नाही.

ती कातळावर उकिडवी बसते.
हात घालत नाही पाण्यात, नुसती बघते.
"ही पुढे जाते कुठे?"
"खांडेपाराक. ओप्यार पंप आसा न्हय."
"ओपा? म्हणजे फोंड्याला, आमच्या नळाला?"
पुनाजी मान हलवतो.
"बघ," ती मला म्हणते,
"इतकी वर्षं हिलाच तर भरत होते मी.
घागरीत किती गरीब दिसायची."

एवढंच. मग डब्यातले पोळे,
चटणी जरा आंबलेली,
एक पुनाजीला, तो नको म्हणत दोन खातो.

परतताना समोरून जीप.
रस्ता एकाचाच.
मागे घ्यायला हवी, वळणापर्यंत,
एका बाजूला ओहळ.
"रिव्हर्स तुला जमायचं नाही"
हे वाक्य गाडीत कोणीच म्हणत नाही,
ते आपोआप मागच्या सीटवर येऊन बसतं.
मी उतरते, मागे उभी राहते,
हात हलवते: ये, ये, थोडी डावीकडे, खड्डा.

ब्रेक.
खिडकीतून आईचं डोकं बाहेर येतं.
"तू बाजूला हो बघू."
"अगं, मी दाखवतेय तुला..."
"आरशात तूच दिसतेस सगळी.
रस्ता दिसू दे."

मी कारवीच्या झुडपात सरकते.
गाडी मागे येते, वाकडी,
सरळ होते, पुन्हा वाकडी,
धूळ माझ्या चष्म्यावर बसते
आणि मी पुसत नाही.