बारा बाकं

वेंगुर्ल्यात सगळे विचारतात,
'कायतान, थंय सिंव दिसलो काय रे?'
मी सांगतो, नाही. कोंबडा दिसला.
अर्पणाच्या वेळी एका बाईनं
डोक्यावरच्या टोपलीतून नाचत आणला,
अल्तारापाशी ठेवला, आणि तो
पुढची सगळी मिस्सा आरवत राहिला.
कुणी हसलं नाही. मीच हसलो.

सहाजण गेलो होतो मोझांबिकला.
फादर लोबो, तीन नर्सा, पोर्तुगीज येणारे आंद्राद मास्तर,
आणि बाकं करायला मी.
'लोक जमिनीवर बसून प्रार्थना करतात'
असं पत्र आलं होतं तिकडून.
आमच्या बायकांनी डोळे पुसले,
काजूगर विकून पैसे जमवले.

पहिल्या सकाळी मी विचारलं, लाकूड कुठाय?
म्हातारा सुतार अर्मांडो म्हणाला, तुझी आई कशी आहे?
मास्तर मध्ये बसून घाम पुसत भाषांतर करत होते.
म्हटलं, आई जाऊन अकरा वर्षं झाली.
मग बाप. मग माझी पोरं. मग आमचा समुद्र कसा आहे.
ऊन डोक्यावर आलं तेव्हा उठला,
चल, लाकूड दाखवतो.
दुसऱ्या दिवशी पुन्हा पहिल्यापासून,
तुझी आई कशी आहे?
मला वाटलं, विसरला.
तो विसरला नव्हता. आज कशी आहे, विचारत होता.

मास्तर नसले की आमचं शब्दांवर भागायचं.
चावी म्हटली की कळायचं त्याला,
साबण कळायचा, घमेलं कळायचं,
काजू तर काजूच.
एकाच जहाजातून दोन किनाऱ्यांवर उतरलेले शब्द.
त्या जहाजांच्या तळाशी कुणाला बांधून नेत,
ते तो मनगटं जुळवून दाखवू लागला.
मी खिळे मोजत राहिलो.

शनिवारी बारावं बाक पुसून ठेवलं.
एकही डुगडुगत नव्हतं.
रविवारी जाऊन बघतो तर सगळी भिंतीला सरकवलेली,
त्यांच्यावर ढोल, पाण्याचे डबे, झोपलेली पोरं.
मधली जमीन मोकळी,
आणि गाव त्या जमिनीवर, पायांनी प्रार्थना करत,
साडेतीन तास.
एक बाक तेवढं पुढे ठेवलं होतं. पाहुण्यासाठी.
जन्मात पहिल्यांदा पुढच्या बाकावर बसलो
आणि मागं वळून बघितलं
तर मागं बाकच नव्हतं.

आमच्या इगर्जेतली बाकं माझ्या आजानं केली. फणसाची.
पुढच्या चारांवर घराण्यांची नावं आहेत,
त्यानंच खोदलेली, पटाशीनं, सुबक.
त्याला अक्षर येत नव्हतं.
आम्ही बसतो घंटेच्या दोरीशी.
तिथं बसा असं कुणी सांगितलेलं मला आठवत नाही.

निघताना अर्मांडोनं विचारलं होतं,
तुमच्याकडे एवढी बाकं,
मग कुणी कुठं बसायचं ते कसं ठरतं?
म्हटलं, जो आधी येईल तो.
मास्तरांनी माझ्याकडे पाहिलं.
मास्तर दुसऱ्या बाकावरचे.
मग त्यांनी तेच सांगितलं.

फेस्त आठ दिवसांवर आलंय.
पहिल्या बाकाचा पाय वाळवीनं खाल्लाय,
फादर म्हणाले, बघ जरा.
ते बाजूला ओढलं तर खाली
लाल कोब्याचा एक लांब तुकडा,
आजाच्या काळापासून कुणाचा पाय न लागलेला.
चपला काढून त्याच्यावर उभा राहिलो.
नाचता मला येत नाही.
बाक उलटं केलं.
आतल्या अंगाला आजाच्या पेन्सिलीच्या रेघा.
विचारलं, आजा, कसा आहेस?
मग आजी कशी आहे. मग आई.

फादर दारातून ओरडले, झालं काय रे, कायतान?
म्हटलं, थांबा फादर,
अजून लाकडापर्यंत आलो नाही.