मागच्या नडगीवर

आधी मागचा पाय बघायचा, हत्तुरे मॅडम म्हणाल्या.
नडगीवर काट्यांच्या ओळी असल्या, फणीच्या दातांसारख्या,
तर तुडतुडा.
एखाद-दोनच जाड काटे असले
तर तो दुसऱ्या घरचा,
कितीही सारखा दिसो.

नान्नजच्या माळावर दोन बाभळींच्या मध्ये
आम्ही चादर ताणून बांधली,
नायनांच्या मागावरची, पांढरी, किनारीला चूक झाली म्हणून
विकायला न गेलेली.
मागे दिवा लावला.
(माळढोक यंदाही नाही. त्याची पाटी आहे.)
साडेसातला पहिला आला,
ज्वारीच्या कणीएवढा, हिरवा,
तिरका तिरका चालत किनारीच्या चुकीपाशी थांबला.
बोट नेलं.
होता तिथे नव्हता.

कुणी झाडाच्या साखरेच्या नळीत सोंड घालतो,
कुणी पाण्याच्या.
पाणी पिणारा दिवसभर पितो, दिवसभर सोडतो,
त्याला त्या पाण्यात पोटभर असं काही मिळतच नाही.
पवन्या गवतावरचा कुसळीवर उपाशी मरेल,
कपाशीवरचा मात्र भेंडीकडे जेवतो, वांग्याकडे जेवतो,
आणि निघताना पानाच्या कडा
पिवळ्या, मग तांबड्या, मग वाटीसारख्या वळवून ठेवतो.

कॉलेजात परतल्यावर
नराच्या पोटाचं टोक कापून पोटॅशमध्ये उकळायचं,
मग सूक्ष्मदर्शकाखाली
त्या केसाएवढ्या आकड्याच्या वळणावरून
कूळ, उपकूळ, गण, प्रजाती.
मादीचं असं काही दिसत नाही.
माझ्या अक्षरात दोनशे चौदा चिठ्ठ्या आहेत:
नान्नज, दिव्यावर, मादी, प्रजाती अनिश्चित.
आई विडी कारखान्यात सतराशे बत्तीस नंबर होती.
हे मी मॅडमना सांगितलं नाही.

त्यांनी सांगितलं ते असं:
नर धाटावर पोट हलवतो, आवाज हवेत येत नाही,
धाटातून जातो.
मादी खालच्या पानावरून उत्तर देते,
आणि त्याला कळतं, ही आपल्यातली की नाही.
सूक्ष्मदर्शकाशिवाय.

नायनांचे कान यंत्रमागांनी नेले, चाळिशीतच.
तरी साखर पेठेतल्या त्या कारखान्यात
भिंतीला तळवा टेकून ते सांगत,
सहा नंबरचा धोटा अडकतोय.
मालक हसायचा, मग जाऊन बघायचा.

गेल्या रविवारी त्यांना माळाकडेच्या शेतात नेलं,
ज्वारी मांडीएवढी झाली होती.
खुणेनं म्हटलं, धाट धरा.
त्यांनी दोन बोटांनी धरलं, सूत तुटलंय का बघताना धरतात तसं.
वारा होता. पलीकडे कुणाची तरी मोटार चालू होती.
बराच वेळ गेला.
काही नाही, ते म्हणाले, नेहमीसारखं मोठ्यानं,
आणि चार पानांवरून
काय काय उडालं ते मला मोजता आलं नाही.

बोटं त्यांनी काढली नाहीत.
मी पिशवीतली वही काढली,
तारीख घातली, गाव घातलं,
पुढची जागा मोकळी ठेवली.