सव्वीस इंच

नायगावला, पोलीस लाइनीसमोर,
बगाडे टेलरचं शटर अर्धं खाली आलं
की जमतात तिघं :
निवृत्त आर्मरर घोसाळकर,
पारशी कॉलनीतला दातांचा डॉक्टर पेस्तन,
आणि कुरिअरवाला दिगंत, ज्यानं
जत्रेतले फुगे सोडून काही फोडलेलं नाही.

काल जाहीर झाली म्हणे ती रायफल.
मॅगझिन चापाच्या मागे, दस्त्यातच अर्धं यंत्र;
नळी तेवढीच, बंदूक मात्र आखूड.
"गाडीतून उतरताना अडकायची नाही," पेस्तन.
"पण चाप जड लागणार," घोसाळकर.
"तिसऱ्या मजल्यावरून सुतळी ओढून
तळातली घंटा वाजवायची, तसं."
मग बशी सरकवत, जरा खालच्या आवाजात,
"आणि डावखुऱ्यांनी काय करायचं?
तापलेली पुंगळी थेट गालावर."
त्यांचा डावा हात शाळेतच
पट्टीनं उजवा केला होता.
कप अजून तोच उचलतो.

"लांबी किती पण?" बगाडे, सुईत दोरा ओवता ओवता.
दिगंतला पाठ आहे : सव्वीस इंच.

टेप पडते. खडूच्या दोन रेघा.
चौघं वाकून बघतात.

रेघांच्या मध्ये, आधीपासूनच,
पहिलीतल्या कुणाची तरी
निळी विजार पसरलेली.
या टोकापासून त्या टोकापर्यंत.

बगाडे ती उचलत नाहीत.
"काजं व्हायचीत अजून,"
एवढंच म्हणतात.