अर्धा तोळा

झांबरे डॉक्टरांनी चिमटीत हवा धरून दाखवली:
एवढंच. दिवसभरात. सगळं धरून.
हे म्हणाले, चिमटी कुणाची, तुमची की माझी?
वजन सांगा.
पाच ग्रामच्या आत.
"म्हणजे अर्धा तोळासुद्धा नाही,"
आणि जळगावला छाती उघडून परत डाख दिल्यापासून
पहिल्यांदा यांचा चेहरा
कामाला बसल्यासारखा झाला.

घरी येऊन कपाटातला काटा काढला.
चाळीस वर्षं चोपड्याच्या सराफ गल्लीत
लोकांच्या लेकींची मंगळसूत्रं तोललेला.
पूर्वी मिठाचा हात लावू द्यायचे नाहीत त्याला,
पितळ खातं म्हणायचे.
आता रोज सकाळी पारड्यात दिवसाचं मीठ:
त्यातून वरणाचं, त्यातून भाजीचं,
उरलं मासाभर संध्याकाळच्या खिचडीला.

मीठ कुठं कुठं दबा धरून असतं
ते मला डबे उघडल्यावर कळलं.
लोणचं निदान कबूल तरी करतं.
पण कळण्याचं पीठ?
ज्वारी-उडदासोबत मीच मीठ घालून दळून आणलेलं, पायलीभर.
गेल्या उन्हाळ्यात गच्चीवर वाळवलेल्या बिबड्या.
कुरडया. शेवेचा डबा.
सगळं भिकूबाईंच्या घरी पोचवलं,
(त्यांना काही नाही, त्या अजून विहिरीवरून पाणी आणतात)
आणि नवं दळण आणलं, अळणी.

पहिली भाकरी मोडून हे बराच वेळ गप्प.
मग म्हणाले, "कस कमी शे."

आणि मग सुरू.
निव्वळ सोन्याचा दागिना वाकतो, म्हणे,
थोडा डाग लागतोच.
मी म्हटलं, चोविसात दोन ना?
तुम्ही जन्मभर चौदा कॅरेट जेवलात.
हसले. हसताना छातीशी उशी धरावी लागते अजून.

लिंबू पिळत गेले. लसूण भाजत गेले.
वांगं पऱ्हाटीच्या जाळावर काळं होईतो ठेवलं
की धूरच अर्धी चव देतो, हे मला
साठाव्या वर्षी समजलं;
एरवी भरितावर तेलाचा थर असायचा, बोटभर.
केळी चालतील म्हणाले डॉक्टर, मूत्रपिंडं ठीक आहेत तोवर.
या तालुक्यात केळी चालणार नाहीत म्हणाले असते
तर जायचं कुठं?

उधारीच्या जुन्या वहीत कोऱ्या पानांवर
आता वरचा आणि खालचा.
एकशे बहात्तर, एकशे चार.
पंधरा दिवसांनी अठ्ठावन्न. मग चाळीस.
गोळ्या त्याच, पण डॉक्टरांनी
एकीच्या नावावर प्रश्नचिन्ह काढलं.
आणि एका सोमवारी एकदम अडुसष्ट.
मी विचारलं नाही.
यांनीच वही पुढं सरकवली,
"तूट आली. नाक्यावर पंडित भेटला. शेवभाजी.
अर्धीच प्लेट."
थोड्या वेळानं: "रस्सा दोनदा."

खरं सांगते, मला राग येऊ नये असं
माझ्याही ताटात होतं.
यांचं जेवण झालं की मी ओट्याशी उभी राहून
ठेच्यात वरून मीठ टाकून खायची,
पाठमोरी, चोरासारखी.
अळणी एकाला पुरे, दोघांना शिक्षा कशाला?

परवा गंमत म्हणून यांनी पट्टा माझ्या दंडाला गुंडाळला.
यंत्र गुरगुरलं, थांबलं.
हे आकड्याकडे बघत राहिले,
नाणं खोटं निघाल्यावर बघायचे तसे.
पुन्हा गुंडाळला. तोच आकडा.
माझ्या हाताला मिरचीचा वास येत होता.

वहीत नवी ओळ आखली, माझं नाव घातलं,
सासरचं, पूर्ण, गिऱ्हाइकाचं घालतात तसं.
काटा पुसला. दुसरी वाटी मागितली.
"आते तुनी बारी," म्हणाले.
"मजुरी नको माले."

पारड्याला हिरवट चढलंय आता, मिठानं.
दुपारी हे पायरीवर बसून चिंचेनं घासत असतात.