हातमोजे

आमचं कॉलेज विहितगावच्या पुढे,
दोन मजले, तिसऱ्याच्या नुसत्या सळया.
मैदान म्हणजे वालदेवीकडे उतरलेली जमीन:
पहिल्या हाफात चढ, दुसऱ्यात उतार.
फक्की आम्हीच मारायचो,
आणि कॅम्पाकडून तोफांचा सराव सुरू झाला
की दचकायचे फक्त पाहुणे.

सरांचं आडनाव पगार,
नेमणूक तासिका तत्त्वावर.
हा विनोद ते स्वतःच करत, वर्षातून एकदा,
आणि लगेच शिट्टी वाजवत.

आम्ही तेरा जण.
सुरगाण्याचा तुळजीराम भोये,
बूट घातले की अडखळणारा, नियमासाठी बूट घालणारा.
तौसिफ मणियार, ज्याच्या डाव्या पायाला सगळं कळायचं,
उजवा नुसता सोबतीला.
गोलमध्ये सॅमसन उजगरे, हात म्हणजे फावडी.
बाकावर मी. दुसरा गोलकीपर.

हातमोजे माझे होते.
आई नोटांच्या प्रेसमध्ये मोजणीला;
दिवसभर देशाचे लाखो मोजून
तिने त्या महिन्यात साडेचारशे बाजूला काढले.
मनमाडच्या सामन्याला सॅमसनचे फाटले.
सर माझ्याकडे बघत राहिले, बोलले नाहीत.
मीच काढून दिले.
परत मागायचा दिवस काही आला नाही,
कारण आम्ही जिंकत होतो.

मनमाड दोन-शून्य. येवला चार-एक.
नगरला बरोबरी, ती तर जिंकल्यासारखी साजरी केली,
मिसळीवर तर्री तीनदा मागून.
संगमनेरला तुळजीरामने एक बूट हवेत, एक चेंडू जाळ्यात घातला,
पंचाला आधी कुठे बघावं कळेना.
रात्री मी हातमोजे धुवायचो.
जानेवारीच्या गारठ्यात दोरीवर ते ताठ व्हायचे,
दहा बोटं पसरून
कुणाला तरी थांब म्हणत असल्यासारखे.

फायनलला पाच मिनिटं उरली, एक-शून्य,
आणि सॅमसन खांबावर आदळला.
करंगळी भलतीकडेच बघत होती.
सर म्हणाले, "वॉर्मअप कर."
मी रेषेलगत धावलो, तीन फेऱ्या.
आज वीस वर्षांनी लिहून टाकतो:
मी देवाला म्हटलं, मला नको.
सॅमसनने दातांनी पट्टी आवळली
आणि सरांकडे पाहिलंच नाही.

फोटो अजून जिन्यात आहे.
तिसरा मजला बांधून झाला, त्याला रंगही लागला.
खाली लिहिलंय: एकही सामना न हरलेला संघ.
कडेला मी, हात पाठीमागे.
त्यात खोटं काहीच नाही,
न खेळणाराही हरत नाही.

हातमोजे चौथ्या दिवशी परत आले.
बिटकोच्या डॉक्टरांनी कात्रीने कापून काढले होते.
"शिवून देऊ?" आईने विचारलं.
"राहू दे," मी म्हटलं.
तिने दिव्याखाली धरून, सवयीने,
बोटं मोजली.
नऊ.
परत मोजली.